कोंबडी मान टाकून बसली, तर आधी काय बघायचं?

आम्ही भोर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीच्या बचत गटाच्या बाया. गटात आम्ही अकरा जणी. आज इथे तिघीच आलोय, पण जे सांगणार आहोत ते अकरा जणींचं आहे. रेडिओच्या ताईंनी विचारलं, "कशावर बोलाल?" आम्ही म्हटलं, "कोंबडीवर." ताई हसल्या. पण ऐकणाऱ्या बायांना ठाऊक आहे, कोंबडी हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. दुधाचं बिल घरधन्याच्या खात्यावर जमा होतं. भाताचे पैसे सोसायटीच्या कर्जात वळते होतात. अंड्याचे पैसे तेवढे आपल्या हातात येतात. पोराची वही, एसटीचं तिकीट, आजारपणात पहिल्या दिवशी लागणारे शंभर-दोनशे रुपये, हे सगळं त्या खुराड्यातनं निघतं. म्हणून कोंबडी मान टाकून बसली की घरात दुसऱ्या कुणाला नाही, पण आपल्याला घोर लागतो.

आधी आमची चूक सांगतो, म्हणजे पुढचं का सांगतोय ते कळेल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा होता, गावची जत्रा तोंडावर आलेली. आमच्यातल्या एकीनं पाहुण्यांसाठी बाजारातनं दोन कोंबड्या आणल्या आणि रात्री आपल्याच खुराड्यात कोंडल्या. पाचव्या दिवशी त्यातली एक डोळे मिटून बसली. हिरवट-पांढरं पातळ हगत होती, तोंड उघडून श्वास घेत होती. सगळ्या म्हणाल्या, उन्हानं झालं असेल. कांदा चेचून पाण्यातनं पाजला. दुसऱ्या दिवशी ती मेली. ती आम्ही ओढ्यात फेकली. दुसरी झोकांड्या खायला लागली, तिची मान वाकडी झाली, तेव्हा "मरायच्या आधी कापा" म्हणून ती कापली. शेजारी वाटे दिले. पिसं, आतडी उकिरड्यावर टाकली. ती कुत्र्या-कावळ्यांनी वाडीभर केली.

पंधरा-वीस दिवसांत वाडीत पहाटे कोंबडा आरवायचा बंद झाला. गटाच्या वहीत नोंद आहे, अकरा घरांत मिळून ७८ कोंबड्या होत्या. उरल्या ९.

डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, "ही मानमोडी." सरकारी कागदात तिला राणीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून. हा विषाणूचा रोग आहे. एकदा झाला की त्यावर औषध नाही. लस मात्र आहे, आणि ती रोग यायच्या आधी द्यावी लागते. ज्या बाईच्या घरी सुरुवात झाली, ती पुढे दोन महिने गटाच्या बैठकीला आली नाही. शेवटी आम्हीच तिच्या घरी गेलो. म्हटलं, बाई, ओढ्यात तू एकटीनं टाकली नाहीस आणि वाटे आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

त्यानंतर आम्ही उलटी चूक केली. भीतीच इतकी बसली, की एखादी कोंबडी जरा पिसं फुलवून बसली तरी आम्ही ती व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात देऊन टाकायचो, नाहीतर कापायचो. चांगल्या अंड्यावरच्या कोंबड्या अशा गेल्या. मग एका बैठकीत ठरलं. कोंबडी नीट बघितल्याशिवाय विकायची नाही, कापायची नाही आणि मनानं औषधही द्यायचं नाही. कसं बघायचं, ते आम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून आणि एकमेकींकडून शिकलो. तेच आज सांगतो.

पहिलं काम, आजारी कोंबडी वेगळी करा. डालग्याखाली ठेवा, सावलीत, कोरड्या जागी. तिचं पाण्याचं भांडं वेगळं. निरोगी कोंबड्यांचं दाणापाणी आधी उरकायचं आणि आजारी कोंबडीकडे शेवटी जायचं. नंतर हात साबणानं धुवायचे. मानमोडीच्या कोंबड्या हाताळल्या आणि तोच हात डोळ्याला लागला तर माणसाचे डोळेही लाल होतात.

पण हात लावायच्या आधी चार प्रश्न स्वतःला विचारा.

एकच आजारी आहे की अनेक? एकच असेल तर बहुतेक वेळा दुखणं तिचं एकटीचं असतं. दोन दिवसांत दोन-तीन बसल्या, तर साथ समजायची.

अचानक झालं की हळूहळू? काल धावत होती नि आज पडली, हे वेगळं. महिनाभर उतरत चालली आहे, हे वेगळं.

गेल्या पंधरा दिवसांत नवं काय घडलं? बाजारातनं कोंबडी आणली का, पाहुण्यांनी कोंबडी आणली का, खाद्य बदललं का?

आणि चरायला कुठे गेली होती? पेरणीच्या दिवसांत बियाण्याला औषध चोळलेलं असतं. कुणी घुशी-उंदरांचं औषध ठेवलेलं असतं. रानातनं आल्यावर दोन-तीन कोंबड्या तासाभरात एकदम पडल्या, तर विषबाधेचा संशय घ्या. त्या खाऊ नका आणि कुत्र्यालाही घालू नका.

आता कोंबडी हातात घ्या. पंखावरनं दोन्ही हात दाबून, अलगद, पोटाशी धरा. खूप जणी म्हणतात, "अंग गरम लागतंय, ताप आलाय." बायांनो, कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा नेहमीच गरम असतं, साधारण ४१ अंश सेल्सिअस. म्हणून हाताला गरम लागली याचा अर्थ ताप असा नाही. आणि कोंबडीला घाम येत नाही, त्यामुळे उन्हात ती चोच उघडून धापा टाकते. सावलीत नेऊन गार पाणी दिल्यावर धाप थांबली, तर ते ऊन. सकाळच्या गारव्यातही चोच उघडी आणि घरघर ऐकू येत असेल, तर तो आजार.

मग छातीचं मधलं हाड चाचपा. आमच्या मते ही सगळ्यात कामाची खूण. हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर दुखणं नवं आहे. हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर दुखणं जुनं आहे, आपल्या लक्षात आज आलं एवढंच. जुनं दुखणं म्हटलं की जंत, उवा, रक्त पिणारे किडे यांचा विचार आधी करायचा.

मग तुरा. लाल, टवटवीत तुरा चांगला. फिक्कट पडला तर रक्त कमी झालंय. निळा-जांभळा झाला तर ते वाईट लक्षण, डॉक्टरांना कळवा. तुऱ्यावर, डोळ्यांच्या कडेला खपल्या धरलेले फोड असतील तर ती देवी. ती डास चावून आणि खपल्यांतनं पसरते. फोडांना हळद-तेल लावा, डोळा चिकटला तर कोमट मिठाच्या पाण्यानं पुसा. चोचीच्या आतही बघा. तिथे पिवळट पापुद्रे दिसले तर देवी आत उतरली आहे, मग घरच्या हळदीवर थांबू नका.

गळ्याखाली दाण्याची थैली असते. ती पहाटे, खुराडं उघडायच्या आधी चाचपायची. रात्री भरलेली थैली सकाळी रिकामी झालेली असते. सकाळीही दगडासारखी कडक लागली, तर लांब गवत, सुतळी, नाहीतर प्लॅस्टिक आत अडकलंय.

मग शेपटाखालची पिसं बघा. बरबटलेली आहेत का? पिसं फुंकून बाजूला करा, कातडीवर उवा पळताना दिसतात का, पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके आहेत का? पायांवरचे खवले उचललेले, खडबडीत झाले असतील तर त्याखाली बारीक किडे असतात. पाय धुऊन रोज खोबरेल तेल चोपडा. तळव्याला काळी खपली असेल तर काटा रुतून पू झालाय.

आणि शीट. तोंड वाकडं करू नका, शीट खूप काही सांगते. चांगली शीट करड्या-तपकिरी रंगाची आणि वर पांढरी टोपी, अशी असते. दिवसातनं मधेच एखादी चिकट, काळपट आणि घाण वासाची असते, तिला घाबरायचं नाही. हिरवी पातळ शीट मानमोडीत असते, पण दोन दिवस उपाशी राहिलेली कोंबडीही हिरवंच हगते. म्हणून नुसत्या हिरव्या रंगावर निकाल द्यायचा नाही. रक्त दिसलं, तर मात्र थांबायचं नाही.

आता हे सगळं आमच्या दारात कसं उपयोगी पडलं ते सांगतो.

आमच्या आक्कांची तांबडी गेल्या पावसाळ्यानंतर बसायला लागली. अंडी बंद झाली. सगळ्या म्हणाल्या, "परत आली मानमोडी!" आम्ही बघितलं. एकटीच आजारी. खातेय बरं. छातीचं हाड पात्यासारखं, तुरा पांढराफटक. म्हणजे दुखणं जुनं आणि रक्त कमी. तेवढ्यात आक्कांची नात म्हणाली, "ही आजकाल खुराड्यात जातच नाही, आंब्यावर चढते." मोठ्या माणसांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्या रात्री आम्ही बॅटरी घेऊन गेलो. खुराड्याच्या फळ्यांच्या फटीत, बसायच्या दांडीखाली बारीक तांबडे किडे, बोटानं चिरडले की रक्त. दिवसा फटीत लपतात, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडीच्या अंगावर काही सापडत नव्हतं. आजार कोंबडीत नव्हताच, खुराड्यात होता.

आतलं सगळं गवत जाळलं. फळ्यांवर उकळतं पाणी ओतलं, दोन दिवस कडक ऊन दाखवलं, फटी बुजवल्या, चुना मारला. दवाखान्यातनं फवाऱ्याचं औषध आणलं, ते त्यांनी सांगितलं तेवढ्याच पाण्यात मिसळून, कोंबड्या बाहेर काढून फवारलं. आठ दिवसांनी परत फवारलं, कारण पहिल्या वेळी अंडी राहून जातात आणि त्यातनं नवे किडे निघतात. अंगणात एका खड्ड्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवली, कोंबड्या त्यात लोळून घेतात. महिन्याभरात तांबडीचा तुरा लाल झाला आणि तिनं परत अंडं दिलं. ही कोंबडी आम्ही घाबरून व्यापाऱ्याला देणार होतो.

दुसरी, आमच्या धाकट्या वहिनींची काळी. पहिल्यांदाच अंड्यावर आलेली. सकाळी बघतात तर माणसासारखी उभी, शेपूट खालीवर करतेय, जोर लावतेय. अंगात मांस भरलेलं. एकटीच आजारी. पोटाच्या मागच्या भागाला अलगद हात लावला तर आत गोळा लागला. अंडं अडलेलं. अशा वेळी दाबायचं नाही. आत अंडं फुटलं तर कोंबडी जाते. घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिला मागच्या अंगानं पंधरा-वीस मिनिटं बसवलं, पुसून कोरडी केली, मागच्या जागेला तेल लावलं आणि अंधाऱ्या उबेत डालग्याखाली ठेवली. दुपारी अंडं आलं, कवच नसलेलं, नुसत्या कातडीचं. म्हणजे चुना कमी पडतोय. तेव्हापासून अंड्यांची टरफलं भाजून, बारीक कुटून आम्ही सगळ्याच जणी खाद्यात घालतो. संध्याकाळपर्यंत अंडं आलं नसतं तर मात्र दवाखाना गाठायचा, असं ठरवलं होतं.

तिसरी गोष्ट पिल्लांची. पावसाळ्यात एकीची महिन्याभराची पिल्लं पंख पाडून एका कोपऱ्यात गोळा व्हायला लागली. शिटेत रक्त. ही रक्ती हगवण. तिचे जंतू ओल्या जागेत वाढतात. खाली पोतं होतं, आणि ते आठ दिवस ओलंच. आम्ही शीट पानात बांधून त्याच दिवशी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी पाण्यातनं द्यायचं औषध दिलं. तोवर तीन पिल्लं गेली, बाकीची अकरा वाचली. पोतं काढून भाताचं कोरडं तूस घातलं, ते रोज हलवतो आणि ओलं झालं की बदलतो. औषधानं पिल्लं वाचली, पण रोग परत आला नाही तो कोरड्या तुसामुळे.

आणि एक हसायची गोष्ट. आमच्यातली एक जण धावत आली, "बाई, माझी कोंबडी गेली म्हणून समज. दिवसभर हलत नाही, खात नाही, हगते ती एवढं मोठं आणि घाण!" आम्ही हात पुढे केला, तर कोंबडीनं पिसं फुलवून, कर्र करून अशी चोच मारली की रक्त आलं. ती खुडूक होती! एकवीस दिवस पिल्लांसाठी बसायच्या तयारीत. खुडूक कोंबडी चिडते, आजारी कोंबडी चिडत नाही. हा फरक लक्षात ठेवा. वर्षातनं एकदा पिसं झडून अंडी थांबतात, तोही आजार नाही. तेव्हा चांगलं खाऊ घाला, बस.

आता डॉक्टरांना कधी बोलवायचं? दोन दिवसांत दोन मेल्या तर. मान वाकडी, पाय-पंख लुळे, झोकांड्या. तोंड सुजलं, तुरा निळा पडला. रक्त पडलं. कोंबडी दोन दिवस काहीच खात नाही. यातलं एक जरी दिसलं तरी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. तिकडे जाणं जमत नसेल तर १९६२ हा जनावरांच्या मदतीचा फुकटचा नंबर आहे. खूप कोंबड्या एकदम मेल्या तर हात लावू नका. बर्ड फ्लू म्हणजे परदेशातली गोष्ट, असं समजू नका. २००६ साली तो आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या नवापूरला आला होता. नीट शिजवलेल्या अंड्यामांसातून तो होत नाही. धोका आहे तो आजारी कोंबडी धरण्यात, कापण्यात, सोलण्यात, आणि हे काम आपल्याच हातानं होतं. म्हणून आजारी कोंबडी कापायची नाही. दिसायला साधा प्रसंग असला तरी नाही.

एखाद-दुसरी मेली तर तीन-चार फूट खड्डा करून, चुना टाकून पुरायची, विहीर आणि ओढ्यापासून लांब. आणि माणसांच्या गोळ्या-कॅप्सूल फोडून पाण्यात घालू नका. मानमोडीवर, देवीवर त्यांचा काही उपयोग नाही. डॉक्टरांनी औषध दिलं, तर अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारून घ्या.

शेवटचं, लस. मानमोडीची पहिली लस, लासोटा, पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना डोळ्यात नाहीतर नाकपुडीत एक थेंब. दुसरी साधारण आठव्या आठवड्यात, पंखाखाली टोचून. पुढची कधी ते डॉक्टर सांगतील. लस बर्फात आणायची आणि कालवली की तास-दोन तासांत संपवायची. एका बाटलीत शंभर, दोनशे कोंबड्यांपुरती लस असते. दहा कोंबड्यांसाठी एकटी बाई ती कशी आणणार? म्हणून हे काम गटाचंच. आम्ही तारीख ठरवतो, आठ दिवस आधी सगळ्या कोंबड्यांना जंताचं औषध देतो आणि एकाच सकाळी वाडीभर लस होते. आजारी कोंबडीला लस द्यायची नाही. आणि बाजारातनं आणलेली कोंबडी वीस दिवस वेगळी, मग ती पाहुण्यांनी दिलेली का असेना.

यंदा उन्हाळ्यात खालच्या आळीत एका घरी दोन कोंबड्या एका रात्रीत मेल्या. त्या दोन्ही नव्या आणलेल्या होत्या, लस न दिलेल्या, आणि वेगळ्या डालग्यात होत्या. सकाळी आठ वाजता दवाखान्यात फोन गेला होता. बाकी वाडीत एकही कोंबडी गेली नाही. तो फोन करणारी आणि दर खेपेला भोरहून बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं येणारी बाई कोण, माहीत आहे? तीच, जिच्या घरी तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली होती.

आज गटाच्या वहीत १०४ कोंबड्या आहेत. उद्या सकाळी खुराडं उघडताना एवढंच करा. कोंबड्या बाहेर पडताना मोजा, शेवटी कोण निघतेय ते बघा आणि तिला हातात घेऊन छातीचं हाड चाचपा.

येतो आम्ही. रामराम.